गौरीचा झंपर

डोंबिवली, भाद्रपद शुद्ध षष्ठी, १९५३

मखराची झालर शिवून झाली, पण जीव थाऱ्यावर नाही. माझी कमल आज सणाला सासरहून आली. गौरीचा झंपर मी नेहमी इवलासा बेतते, लाकडी सांगाड्यापुरता. कमलने थट्टेने तो अंगात घातला. वाटलं, दंडावरच अडकेल. तर हुकही लागले!

"आई, बघ, मीच गौर!" म्हणून हसली.

"तिथे पोटभर जेवतेस ना गं?"

"हो तर," म्हणाली आणि झालरीचे दोरे कापत बसली.

हुक लागले. सगळे लागले. गौर तिसऱ्या दिवशी जाणार, जावईही कमलला न्यायला तेव्हाच येणार. ह्यांना कसं सांगू? तिच्या लग्नाआधीच्या मापाचा झंपर बेतायला घेतलाय. तो तिला घट्ट होईपर्यंत पाठवायची नाही.