झाएलकाकांच्या पुढ्यातली कॉफी

अजलून

आदरणीय खलफमामा,

सलाम, आणि तुमच्या हाताचा मुका. गुडघा कसा आहे? मामी अजून त्यावर ऑलिव्हचं तेल चोळतात, की तुम्ही ते पावाला लावून खाऊन टाकता? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझ्याशी कुणी बोलत नाही.

त्याचं असं झालं. माझ्यासाठी रुदैनाला मागणी घालायला आपली माणसं मला घेऊन गेली, पुढे झाएलकाका. कॉफी आली. काकांनी रिवाजाप्रमाणे कप न उचलता तसाच समोर राहू दिला (मुलीचा बाप हो म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक). तिचे वडील अबू मिसअद मधमाश्या पाळतात, आणि त्या दिवशी स्वारी खुशीत होती. म्हणाले, "काय रे दैफुल्ला, दिवसभर आमच्या मधाच्या पेट्यांपाशी काट्यांत पालथा पडून काय करतोस?" झालं! माझी गाडी सुटली. लाल-काळा मारेकरी ढेकूण फुलाआड कसा दबा धरतो, माशी उतरली की तिला पुढच्या पायांनी कशी कवळतो, सोंड खुपसून आतलं सगळं पातळ करून कसं पितो (ती बिचारी हलतसुद्धा नाही), सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "माशी कुणाची?" मी अभिमानाने म्हणालो, "तुमचीच की!" "आणि तू त्याला हाकललं नाहीस?" अहो, हाकलणार कसा? ऐन रंगात आला होता! तो रंग त्यांना कळावा म्हणून मी हाताला लागला तो कप उचलला आणि सुर्रकन ओढून दाखवला.

कप काकांचा होता.

अबू मिसअद शांतपणे म्हणाले, "कॉफी प्यायलात, म्हणजे मागणं संपलं. या आता." वाटेत काका एवढंच बोलले, "गाढवा, तो ढेकूणसुद्धा सावज हातात येईपर्यंत तोंड लावत नाही!" (निरीक्षण अचूक आहे. मी तसं म्हणालोही. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलंय.)

मामा, चेष्टा नाही, मला तीच हवी आहे. घास घशाखाली उतरत नाही. किडे बघायलाही गेलो नाही (सकाळचा थोडा वेळ सोडून).

तुमचा भाचा,
दैफुल्ला

ता.क. पत्र खरं तर तब्येत विचारायलाच लिहिलं. पण विषय निघालाच आहे, तर पुन्हा मागणी घालायला पुढे तुम्ही चला. तुमचा शब्द अबू मिसअद मोडत नाहीत. मी घरीच थांबेन, हवं तर बांधून ठेवा.

ता.क. २ घाई नाही, सवडीने या.

ता.क. ३ आत्ताच रुदैनाची बहीण निरोप देऊन गेली. रुदैनाने त्या दिवशी दाराआडून सगळं ऐकलं होतं. विचारते, पिऊन झाल्यावर तो माशीचं टरफल कुठे टाकतो?

मामा, आजच्या आज निघा!