सकाळी दहाची हाक

अप्पा, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही तुम्ही कान धरून करवलेलं, त्यामुळे कागद पुढे घेतला की हात अडतो. मी आता वेलचेरीत मुलीकडे असतो, चौथ्या मजल्यावर. पाऊस वाढला की खाली उभ्या गाड्या बुडतील म्हणून मी दहादा खिडकीशी जातो. मुलगी म्हणते, "बाबा, बसा हो. त्यातली एकही गाडी आपली नाही." पण मला बसवत नाही. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे.

परवा तुमची पणती, माझी नात, कॉलेजातून आली ती निबंधाचा विषय घेऊन. शेजारी देश आपल्या भागात सुरक्षितता आणि स्थैर्य कसं टिकवतात, असा काहीतरी मोठा विषय. ती माझ्याशी अर्धं तमिळ, अर्धं मराठी बोलते. तिने लॅपटॉपवर करार, बैठका, नौदलांचे एकत्र सराव असं बरंच गोळा केलं होतं. मला गमतीने म्हणाली, "ताता, तुम्ही सांगा, कसं टिकवतात?" मी म्हटलं, "रोज सकाळी दहा वाजता हाक मारून." ती हसली. मग मी हसत नाही हे पाहून लॅपटॉप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सरि, बरं, नीट सांगा."

म्हणून मी तिला दक्षिणेच्या किनाऱ्यावरची आपली रेडिओची खोली सांगितली. पत्र्याचं छप्पर, टेबलावर तो जड सेट, शेजारी नोंदवही. सकाळी दहाला आपण समुद्रापलीकडच्या शेजारी देशाच्या किनाऱ्याला हाक मारायची, दुपारी चारला त्यांनी आपल्याला. वारा कसा आहे, कुणाची होडी भरकटली आहे का, एवढंच विचारायचं. बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही नसायचंच. पलीकडचे ते गृहस्थ आधी खोकायचे आणि मग तमिळमध्ये विचारायचे, "जेवण झालं का, अय्या?" सकाळी दहा वाजता कसलं जेवण? पण तुम्ही रोज मनापासून सांगायचात, झालं म्हणून. तुम्ही मला त्या नोकरीत चिकटवलंत तेव्हा मी विचारलं होतं, काही नसताना कशाला बोलायचं? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "काही असेल त्या दिवशी त्यांनी आपला आवाज ओळखायला हवा ना?"

मग तो आठवडा. आपल्या गावची दोन माणसं होडीसकट बेपत्ता झाली होती आणि त्यांना पलीकडच्यांनीच बुडवलं, असं सगळा किनारा बोलत होता. मीही बोलत होतो. तिसऱ्या सकाळी तुम्ही मला खोलीत ठेवून तालुक्याला गेलात. मी वहीत लिहिलं, 'बोललो. सर्व ठीक.' सही करायची मला सवयच नव्हती. तुम्ही त्यावरून किती ओरडायचात. मग कॉफी प्यायला निघून गेलो. दुपारी धक्क्यावर गर्दी जमली. तिथे पलीकडचा एक म्हातारा कोळी सुकाणू मोडलं म्हणून चार दिवस थांबला होता, आपल्याच लोकांच्या दोऱ्याने आपलं जाळं विणत बसला होता. त्याला लोकांनी बडवलं. मी कडेला उभा आहे, हातात कॉफीचा पेला आहे, आणि मी "सोडा त्याला" म्हणत नाही.

चारला तुम्ही सेटपाशी होतात. पलीकडून खोकल्याचा आवाज आला. दोघंही सापडले आहेत, पहाटेच त्यांच्या होडीने ओढून आणले, पेज पिऊन झोपले आहेत. मग ते गृहस्थ म्हणाले, "सकाळपासून किती हाका मारल्या, अय्या. आज खरंच जेवायला बसला होतात की काय?" तुम्ही वहीतली माझी ओळ वाचलीत. मग म्हणालात, "चूक झाली." माझी, असंही म्हणाला नाहीत आणि मुलाची, असंही नाही.

मी तुम्हाला सांगितलं, रोजच्यासारखं वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, मग सेटमधून आवाजच येईना. तुम्ही मागचं झाकण काढलंत, धूळ पुसलीत, झाकण परत लावलंत. साहेब चौकशीला आले तेव्हा त्या ओळीखाली तुमची सही होती. अक्षर माझं, वाकडं, सही तुमची. साहेबांनी सहीच पाहिली. त्या म्हाताऱ्याचा उजवा हात पुन्हा उठला नाही. तो इस्पितळात होता तेवढे दिवस तुम्ही डब्यात दहीभात नेऊन त्याला आपल्या हाताने भरवलात. मला म्हणालात, "चल." मी फाटकाशीच थांबलो.

तुमची बदली इथे, या शहरात झाली, गोदामात. तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतल्या एका खोलीत आपण सगळे. बारा वर्षं तुम्ही जुन्या फायली मोजल्यात, पुन्हा कधी सेटला हात लावू दिला नाही तुम्हाला. सुट्टीच्या दिवशी चारच्या सुमाराला चालत समुद्रावर जायचात. आई म्हणायची, "या उन्हात कोण जातं?" तुम्ही चप्पल घालून निघायचात. मी कधी बरोबर आलो नाही.

हे सगळं मी तुमच्या पणतीला सांगितलं, अप्पा. म्हणजे बरंचसं. ती लिहून घेत होती. शेवटी तिने मान वर करून विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुमच्या अप्पांनी हाक मारली नाही?" आणि मी म्हटलं, "हो." माझ्या तोंडून निघून गेलं. तिने तसंच लिहिलं. सोमवारी ती निबंध देणार आहे. तिचं हसून बोलणं ऐकलं की वाटतं सांगावं, आणि मग वाटतं, ही माझ्याकडे कशी बघेल? दोन दिवस मला जेवण जात नाही. मुलगी म्हणते, डॉक्टरकडे चला.

तिला सांगायचं ते आधी तुम्हाला सांगतो. सेट बिघडला नव्हता. आपली माणसं मारणाऱ्यांशी कसलं बोलायचं, असं म्हणून मी स्वतःच्या हाताने आवाजाचं बटण पार खाली फिरवलं होतं. ते मी परत वर केलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. इतकी वर्षं आठवतोय. केलं असेल, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून सही केलीत. केलं नसेल, तर चारला तुमच्या बोटांना ते खाली सापडलं असणार, आणि तरीही तुम्ही सही केलीत. पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण ते बटण खाली होतं की वर, एवढंच कळवा, अप्पा. सोमवारच्या आत कळवा.