शेवटच्या घराचा दिवा

छकुलीच्या आईस,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. ओढ्याला पाणी भरपूर आहे. सकाळी जाळीत अडकलेला पाला काढला की टर्बाइन दिवसभर सुरळीत फिरतं आणि सगळ्या वस्तीला वीज मिळते. जेवणाची काळजी करू नकोस.

आपल्याही गावात ओढ्यावरची वीज आली, बरं झालं. आईचा गुडघा कसा आहे? छकुली दिव्याखाली अभ्यास करते की नुसते किडे बघत बसते?

तो तुमचा वीजवाला फारच मनमिळाऊ दिसतोय. तुझ्या पत्रात तो पानोपानी आहे, मी फक्त पत्त्यात.

एक मात्र कळलं नाही. तू लिहितेस, आपला दिवा गावात सगळ्यात लख्ख. अगं, आपलं घर तारेच्या अगदी टोकाला. लांबच्या तारेत वीज जाता जाता कमी होते, शेवटचा दिवा मिणमिणायलाच हवा. माझा रोजचा धंदा आहे हा! म्हणजे त्यानं खास आपल्यासाठी वेगळी जाड तार ओढली. एवढा उपद्व्याप उगाच कोण करतं? मी तर इथं कुणासाठी केला नाही.

आईला कमी दिसतं म्हणून केला असेल म्हणा.

ट्रकवाल्याबरोबर जाड तारेची भेंडोळी पाठवतोय. त्याची तार त्यालाच काढायला लाव आणि ही जोडून घे. दिवा तितकाच लख्ख लागेल.

काम झालं की त्याला चहा दे. पण आईच्या हातचा.

तुझाच,
छकुलीचा बाप