टियागो आमचा कोण?

४ फेब्रुवारी
भावाचा नवरा! हो, नवराच. शेल्डन पोर्तुगालहून परवा एकटाच घरी आला. आज हा टियागो मागून आला. दोघांनी लिस्बनला रीतसर लग्न केलंय, असं त्यानेच मला अंगणात सांगितलं. शेल्डन खाली मान घालून नारळ सोलत राहिला. शेल्डनने मम्मीला सांगितलं — मित्र आहे. मी नुसतं “बरं” म्हणाले. बरं काय, कप्पाळ!

६ फेब्रुवारी
टियागोने विचारलं, आमचं लग्न इथे चालतं का? नाही म्हटलं. कोर्टाने ते संसदेवर सोडलंय, आणि संसद गप्प. आपले कायदे आपल्या देशाने करावेत, बाहेरच्यांनी नव्हे — कॉलेजात यावर तावातावाने बोलून मी बक्षीस मिळवलं होतं. अजून पटतं ते. मग त्याचा चेहरा बघून मी कायद्याची पुस्तकं पुन्हा का काढली?

“मी स्वतः कोर्टात बोलतो,” म्हणाला. तिकडे मोठा वकील आहे. पण इथली वकिलीची सनद कुठाय? माझी कालपरवाची सनद इथे चालते, त्याची नाही. म्हणजे मालवणात तो नवराही नाही आणि वकीलही नाही!

९ फेब्रुवारी
शेल्डनची बाईक तळेऱ्याजवळ घसरली. डोक्याला मार. शुद्ध नाही. कणकवलीला ऑपरेशन.

“पेशंटचे कोण तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं. टियागोने मोबाइलवर लग्नाचा दाखला पुढे केला. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. “मॅडम, तुम्ही वकील ना? याचं काय करू?”

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मी सही केली. बहीण म्हणून.

मम्मी कानात म्हणाली, “ह्यो इतको कित्याक रडता गो?”

“दोस्त आसा.”

खोटं बोलले. पण कायद्याने तर तेच खरं! काही कळेनासं झालंय.

१० फेब्रुवारी
ऑपरेशन नीट झालं. आत फक्त घरच्यांना सोडतात. टियागो बाहेर बाकावर. शेवटी मम्मीला सांगून टाकलं.

“लगीन खंय लागला? इगर्जीत?”

“नाय गो. सरकारी हापिसात.”

“मगे ता लगीन कसला!”

आता हा चर्चचा आणखी तिसराच कायदा! पण आत जायची आपली पाळी आली तेव्हा मम्मी उठली नाही. टियागोला हाताने खुणावलं — तू जा.

१३ फेब्रुवारी
या लग्नाला मान्यता मागायला हायकोर्टात जायचं. माझे सीनियर वकील म्हणतात, हरशील. हरू दे! दिवसभर टियागोबरोबर याचिका लिहिली. सनदेवर काही का असेना, तो माझ्यापेक्षा सरस लिहितो. त्याला काय म्हणून हाक मारू, ते मात्र अजून सुचत नाही.

१५ फेब्रुवारी
शेल्डन आज पहिल्यांदा नीट बोलला. टियागो खाली चहा आणायला गेला होता.

“फेबी, हंयच्या कायद्यान तो माझो कोणच नाय ना?”

“नाय. पण आपण लढतलव—”

“लढा नको गो. त्याका तसाच सांग. त्याच्यापासून सुटाकच इलंय मी हंय.”