बांधाला खोली कळते

इंदिरानगर, नाशिक
११ मे २०२५

चि. जयराम यास ताईचे अनेक आशीर्वाद. तुला गरज आहे म्हणून या वेळी जरा जास्तच.

वि. वि. तू फोन आपटलास, म्हणून पत्र लिहिते. कागद आपटता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडण्याआधी वाच.

शेततळ्याचा बांध तू दुप्पट उंच करतोयस, तेही रोलर न फिरवता, नुसती भुसभुशीत माती ओतून, असं तुझ्याच बायकोकडून, लताकडून कळलं. मी विचारलं तर म्हणालास, शेजारच्या मनोजचं तळं आपल्या कितीतरी पट मोठं आहे, तरी त्याचा बांध उभा आहे, मग आपल्या इवल्याशा तळ्याला कसली भीती! अकरावीच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवता शिकवता माझे केस पिकले आणि सख्ख्या भावाच्या डोक्यात थेंबभरही झिरपलं नाही.

अरे शहाण्या, मागे पाणी किती पसरलंय ते बांधाला कळत नाही. त्याला कळते फक्त खोली. मनोजचं तळं ऐसपैस आहे, पण उथळ. तुझं चिंचोळं आणि खोल. खोली दुप्पट केलीस की तळाशी दाब दुप्पट होतो, आणि भिंतही तेवढीच वाढलेली असल्यामुळे तिच्यावरचा एकूण रेटा चौपट. पटत नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीला वर एक आणि खाली एक भोक पाड, पाणी भर आणि बघ कुठली धार जोरात सुटते. मनोजलाही दाखव. जेसीबी चालवता येतो म्हणजे पाणी कळतं असं नाही.

आणि बांधाच्या पायथ्याला पुंजाचं घर आहे. वाट्यानं आपली शेती करणाऱ्या माणसाला तिथे घर बांधायला तूच सांगितलंस, तळ्यावर लक्ष राहील म्हणून. एवढं तरी आठव.

लोभ आहेच, अक्कल वाढावी ही विनंती.
तुझी,
उज्वलाताई

---

चांदवड, मळ्यातून
२४ मे २०२५

ती. उज्वलाताईस जयरामचा नमस्कार. लांबूनच करतो, जवळ आलो तर कान धरशील.

पत्र पोचलं. शाळेत होतो तेव्हापण तू असंच बोलायचीस, काय फरक नाय. तुझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार येते म्हणून तूच रडत होतीस ना? गच्चीवरची टाकी बदलून मोठी आणली, तरी धार तेवढीच. तिथं तुझं पदार्थविज्ञान काय सुट्टीवर गेलं होतं?

तुम्ही पाणी फळ्यावर काढता, आम्ही ते पितो. गेल्या उन्हाळ्यात अर्धी द्राक्षबाग माझ्या डोळ्यांदेखत वाळली. तेव्हा तुझा चौपट रेटा आला नाय पाणी पाजायला. बांध तयार झालाय. तळ्यातल्या प्लास्टिकच्या जुन्या कागदाला नवा कागद चिकटवून घेतलाय, थेंब गळायचा नाय. लताच्या डोक्यात काय भरवू नको, ती आधीच लय घाबरट हाय.

भाऊजींना नमस्कार. तुला सहन करतात, देवमाणूस हाय.
तुझा,
जयराम

---

इंदिरानगर, नाशिक
२ जून २०२५

चि. जयरामास आशीर्वाद, तू लांबूनच नमस्कार केलास तरी.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवणार होते, लाज वाटली म्हणून राहिलं. टाकी मोठी झाली, पण होती त्याच उंचीवर बसवली. म्हणून धार तेवढीच. मी तुला जे सांगतेय तेच तू मला पुराव्यासकट लिहून पाठवलंस आणि वर हसलास! असा विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता.

तळं काठोकाठ भरू नकोस. एवढं केलंस तर बाकी सगळं मूर्खपण पोटात घालीन.
उज्वलाताई

---

चांदवड
१९ सप्टेंबर २०२५

ती. उज्वलाताईंना लताचा नमस्कार.

फोनवर रडू आवरलं नाही, नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. यांनी तळं काठोकाठ भरलं आणि कांद्याच्या सौद्यासाठी सटाण्याला गेले. दुसऱ्या दिवशी पुंजाभाऊंची चतुराबाई सांगत आली, की अंगणात मागून ओल येते आणि पाणी गढूळ आहे. यांना फोन केला तर म्हणाले पाऊस मुरला असेल, मी येईपर्यंत एक थेंब सोडायचा नाही. मग तुम्हाला केला. पाणी गढूळ आहे म्हटल्यावर तुम्ही दोनदा विचारलंत, नक्की गढूळच ना? मग म्हणालात, ते आतून माती घेऊन येतंय, आधी माणसं बाहेर काढ. त्या दिवशी तुम्ही एकही टोमणा मारला नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

चतुराबाई, पुंजाभाऊ आणि त्यांच्या शेळ्या आपल्या ओट्यावर आणल्या. विजेची डीपी जळाल्यामुळे मोटार बंद होती. तुम्ही सांगितलं तसे ठिबकचे काळे पाईप तळ्यात बुडवून पूर्ण भरले, एक तोंड पाण्यातच ठेवून दुसरं दाबून बांधावरून पलीकडे, तळ्यातल्या पाण्याच्या पातळीखाली नेलं आणि सोडलं. मोटारीशिवाय पाणी बांध चढून ओढ्याला पळायला लागलं. पुंजाभाऊ बघतच राहिले. जेवढे पाईप होते तेवढे लावले. अर्धंअधिक तळं उतरलं आणि मग बांध खचला.

आवाज फार झाला नाही. पुंजाभाऊंच्या घराची मागची भिंत गेली, भांडीकुंडी चिखलात गेली. तळं भरलेलं असतं तर घराची जागाही ओळखू आली नसती. माणसं वाचली, ताई.

तुमची माया अशीच राहो.
लता

---

चांदवड
७ ऑक्टोबर २०२५

ती. उज्वलाताईस नमस्कार.

तुझ्या पत्राची वाट बघतोय. आलं नाय. शिव्या घालशील वाटलं होतं.

पुंजाला म्हणालो, नवं घर बांधून देतो, वर, रस्त्याच्या कडेला. तो शेळ्यांना पाला टाकत राहिला. चतुराबाई चिखलातली भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाय. काल दोघं लेकीकडे निघून गेली. शेळ्यापण नेल्या. मी मोटरसायकल घेऊन फाट्यापर्यंत मागं गेलो. पुंजाला म्हणालो, एकदा आई-बहिणीवरून शिव्या दे मला. तो म्हणाला, मालक, उन्हात थांबू नका. आणि एसटीत चढला.

तू मला लहानपणापासून बोलत आलीस, मी उलटून बोलत आलो. याला काय बोलू ते सुचत नाय.

लेकीचं गाव लताला माहीत हाय. तू ये, माझ्याबरोबर चल. माझं तो ऐकणार नाय आणि का ऐकावं? वाटेत हवं ते बोल, फोन नाय आपटणार.

लोभ राहिला असेल तर लवकर ये.
जयराम