ऐकलं म्हणून सही केली

१२ जून

समन्स आलं. शिपायाने टेबलावर ठेवलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "बाई, कोर्टाचं बोलावणं!" सगळ्या हॉलने माना वळवल्या. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. नको ते बरोबर ऐकू येतं!

त्या परवाना कारकुनाचा खटला. लाच घेताना पकडला, त्याला दोन वर्षं झाली. मला वाटत होतं, फाईल कुठेतरी तळाशी गेली असेल. पंचवीस तारखेला माझी साक्ष.

जेवण गेलं नाही.

१३ जून

इथे तरी खरं लिहावं. ही वही कोणी उघडत नाही. ह्यांनी उघडली तरी आधी चष्मा सापडायला हवा.

डाव्या कानाने मला चार वर्षं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. उजव्यानेही अर्धंमुर्धं. आणि मी कोण? तर लघुलेखिका! साहेब बोलणार, मी टिपणार, त्यावर एकतीस वर्षं पगार खाल्ला. उजवा कान साहेबांकडे येईल अशी खुर्ची ओढून घेते, त्यांच्या ओठांवर नजर ठेवते, राहिलेलं अंदाजाने भरते. सरकारी पत्रात तसंही वेगळं काय असतं? "उपरोक्त विषयान्वये" आलं की पुढचं आपोआप हातातून उतरतं. ऐकू आलं नाही तर हसून मान हलवायची. मान हलवण्यात मी आता पटाईत झाले आहे.

कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं. ती पोरगी कालपरवा लागली, तिच्या हाताखाली! नाही जमलं.

१४ जून

त्या दिवसाचंही लिहून टाकते.

लाचलुचपतवाले इन्स्पेक्टर आमच्या ऑफिसात आले. सापळा लावायचा होता, पंच म्हणून सरकारी नोकर हवा होता. साहेबांनी माझंच नाव पुढे केलं. "आमच्या बाईंना न्या. टाचणी पडली तरी ऐकतील." मी काय करावं? फुशारले! तिथेच हात जोडून नाही म्हणायला हवं होतं.

तक्रार एका शिंप्याची. दुकानाच्या परवान्यासाठी कारकून दोन हजार मागतो म्हणून. मी त्याची मावशी बनून जायचं, शेजारी उभं राहायचं आणि कारकून काय बोलतो ते ऐकायचं. एवढंच काम. ऐकायचं!

खिडकीपाशी ही गर्दी. धक्के खात मी नेमकी अशी उभी राहिले की डावा कान खिडकीकडे. वर पंखा घरघरतोय. कारकून रजिस्टरात डोकं घालून, त्याचे ओठ दिसेनात. शिंप्याने नोटांची घडी पुढे सरकवली, कारकुनाने ती उचलली, शिंप्याने ठरल्याप्रमाणे कपाळ पुसलं आणि सगळे आत घुसले. नोटांना पावडर लावलेली होती. कारकुनाचे हात पाण्यात बुडवले, पाणी गुलाबी झालं. तो माणूस त्या पाण्याकडे बघत राहिला, जणू हात दुसऱ्याचेच होते.

मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "बाई, काय म्हणाला तो? नेमके शब्द सांगा."

मी पदर सारखा केला. तेवढ्यात शिंपीच म्हणाला, "म्हणाला ना, 'आणलंत का ठरलेलं? ठेवा इथे, परवाना उद्या घेऊन जा.'" इन्स्पेक्टर माझ्याकडे बघतात. मी मान हलवली. "हो. हेच."

हेच! वर वही काढली आणि ते वाक्य लघुलिपीत झरझर उतरवून, खाली सही करून दिलं, जसं काही तिथे उभ्या उभ्या टिपलं होतं. तेच पान आज कोर्टात पुरावा आहे.

१६ जून

ह्यांना सांगितलं. सगळं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे खरंच ऐकत होते.

"अगं, पाणी गुलाबी झालं ना? मग! घेतले त्याने. तू ऐकलंस काय, न ऐकलंस काय."

पटलं. रात्री डाळीत दोनदा मीठ घातलं, तर काही बोलले नाहीत. म्हणजे ह्यांनाही पटलेलं नाही.

१७ जून

कान दाखवायला जायचं ठरवलं होतं. गेले नाही.

१९ जून

सरकारी वकीलबाईंनी बोलावलं. लेकीच्या वयाची मुलगी, टेबलावर फायलींचा डोंगर, हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. सांगून टाकायचं असं घोकतच गेले होते.

ती म्हणाली, "बाई, सगळी केस तुमच्यावर आहे. रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखा वाजतोय. हातात पैसे सापडले एवढ्याने भागत नाही, त्याने मागितले हे सिद्ध करावं लागतं. शिंपी तक्रारदार, त्याचं एकट्याचं कोण धरणार? ते तुम्ही ऐकलंत."

म्हणजे ह्यांचं "पाणी गुलाबी झालं ना" गेलं पाण्यात.

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "तुमच्यासारखी साक्षीदार मिळायला नशीब लागतं हो!" मी तोंड मिटलं. छान, म्हणाले. पाणी पिऊन आले.

भित्री! दुसरा शब्द नाही.

२१ जून

कारकुनाची बायको ऑफिसात आली. व्हरांड्यात गाठलं मला. तोंडावर हातरुमाल, रडतेय, हुंदक्यात काहीतरी बोलतेय. ओठ दिसत नाहीत, आवाज पोचत नाही. "मोठ्याने बोला" म्हणायची सोय नाही, पंधरा माणसं ये-जा करतायत. मी आपली नेहमीची मान हलवली. "हो, हो." तिने माझे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसत गेली.

काय म्हणाली असेल?

२२ जून

शिपायाने सांगितलं. तो जवळच उभा होता.

"बाई, मोठ्या मनाच्या तुम्ही. ती म्हणाली, 'ताई, जे खरं ऐकलंत तेवढंच कोर्टात सांगा, माझ्या मुलांची शपथ घ्या.' आणि तुम्ही चक्क हो म्हणालात!"

देवा!

२५ जून

दिली साक्ष.

शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं, मी ते वाक्य म्हणून दाखवलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. दोन वर्षं पाठच होतं ते.

मग आरोपीचा वकील. ह्या भल्या मोठ्या मिशा! वरचा ओठ दिसेल तर शपथ. पहिला प्रश्न पार डोक्यावरून गेला. मी म्हटलं, "पुन्हा विचारता का?" दुसराही गेला. आता पकडलं, असं वाटलं. मनात म्हटलं, पकडलं तर बरंच होईल. तर न्यायाधीश त्यालाच म्हणाले, "वकीलसाहेब, तोंडातल्या तोंडात बोलू नका. साक्षीदार बाई आहेत, घाबरतात." तो ओरडून विचारायला लागला. मग काय, सगळं ऐकू आलं. पटापट उत्तरं दिली. मला चांगलं जमतंय असंसुद्धा एक क्षण वाटलं! काय निर्लज्ज माणूस आहे मी.

उतरताना कारकुनाकडे नजर गेली. किती वाळलाय. तो उभा राहून माझ्याकडे बघत काहीतरी ओरडला, पोलिसाने खाली बसवला. आवाज कळला नाही, ओठ कळले. "मी काही बोललोच नाही!"

सगळे आरोपी असंच म्हणतात, वकीलबाई म्हणाल्या.

त्याची बायको मागच्या बाकावर होती. आज रुमाल नव्हता.

२६ जून

रजा टाकली. ह्यांनी चहा करून दिला. न विचारता.

८ जुलै

निकाल. तीन वर्षं. नोकरी गेलीच.

निकालपत्रात माझ्याविषयी एक परिच्छेद आहे म्हणे. "ऐकणे आणि टिपणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशा साक्षीदारावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही." साहेबांनी तो हॉलमध्ये मोठ्याने वाचला. टाळ्या वाजल्या. मी उभी राहून सगळ्यांना नमस्कार केला.

मला लाज वाटते. लिहून पुसणार होते, पुसत नाही. लाज वाटते.

१५ जुलै

कानाच्या डॉक्टरकडे गेले शेवटी. तो म्हणाला, "इतकी वर्षं काय करत होतात?" काय सांगू?

मशीन मिळालं. घरी येताना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकला. ह्यांचा घसा सारखा खरखरतो, हे मला माहीतच नव्हतं. ऑफिसात केस कानामागे घेऊन गेले. दिसू दे! ती आवक-जावकची पोरगी म्हणाली, "अय्या बाई, माझ्या आजोबांचंही असंच आहे." संपलं. एवढ्याशा वाक्यासाठी चार वर्षं लपवलं होतं.

१८ जुलै

ठरवलंय. कोर्टाला अर्ज द्यायचा. मी ऐकलं नव्हतं, शिंप्याचं ऐकून सांगितलं. खोट्या शपथेची शिक्षा होईल, पेन्शनही अडकेल. ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "दे. भाजीभाकरीला माझं पुरेल."

पण त्याआधी शिंप्याला भेटणार. कारकून ते वाक्य खरंच म्हणाला होता, एवढं पुन्हा एकदा शिंप्याच्या तोंडून ऐकायचंय. खोटं बोलले ते फक्त माझ्या कानांबद्दल, माणूस तर दोषीच होता, एवढा तरी आधार हवा.

१९ जुलै

शिंपी मशीनवर होता. मी विचारलं. तो हसला.

"बोलतोय कसला! तोंडसुद्धा उघडलं नाही त्याने. घडी उचलली, हे काय म्हणून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात ते इन्स्पेक्टर आत. त्याने मागितले कधीच नव्हते हो, पण चार महिने खेटे घालायला लावले होते मला! मी ते वाक्य ठोकून दिलं आणि घाबरलो, आता ह्या बाई खोटं पाडणार. तर तुम्ही 'हेच' म्हणालात. तेव्हाच ओळखलं मी, बाई आपल्यातल्या आहेत."