स्टीलचा पंखा

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही तंबाखू मळत पाण्याकडे बघत बसायचात, आणि थोड्या वेळाने उठून बोटीकडे चालायला लागायचात. आता उठून जायची सोय नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांचे बाप सरळ बोलायचे त्यांनी तो नियम पाळावा.

आधी बोटीचं सांगते. तुमच्यामागे गावाची बोट मीच चालवते. आपल्या पाड्यावरून बारवी धरणाच्या पाण्यातून पलीकडे, जिथे बदलापूरची जीप उभी असते तिथपर्यंत. बाईच्या बोटीत कोण बसणार, असं तुम्ही म्हणायचात. सगळे बसतात आणि उशीर झाला की शिव्याही देतात. मला जे तुम्हाला सांगायचं होतं, ते हे, की मी बोटीच्या इंजिनाचा, पाणी कापणारा पंखा बदलला. तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा काढला आणि स्टेनलेस स्टीलचा बसवला. हे सांगताना मला फार आनंद होणार होता. कित्येक वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते.

कारण माझं दहावीचं वर्ष तुमच्या त्या पंख्याने खाल्लं. बीजगणिताचा पेपर होता. सकाळची वेळ, बोटीत आपण दोघंच. त्या वर्षी पाणी लवकर उतरलं होतं. मधल्या टेकाडाजवळ तुम्ही नेहमीसारखं इंजिन हळू केलंत. तिथे खाली आंब्याचं खोड आहे, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तरीही तुम्ही बोट तिथूनच नेलीत. खाली खडखड झालं, पंख्याचं एक पातं पापडासारखं वळलं आणि सगळी बोट थरथरायला लागली. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि वल्हं उचललंत. मी दप्तर पोटाशी धरून बसले आहे, तुम्ही वल्हवताय, समोर काठावरून जीप निघून जाते आहे. बदलापूरला पोचले तेव्हा शाळेचं फाटक बंद होतं. तुम्ही शिपायाला हात जोडलेत. त्याने डोकं हलवलं. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "होतं असं." होतं असं! पुढल्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही, आणि तुम्ही बस म्हणाला नाहीत.

नवा पंखा आणायला आपण उल्हासनगरला गेलो ते आठवतं का? दुकानातल्या सिंधी शेठने स्टीलचा पंखा काढून माझ्याच हातात दिला. आरशासारखा. मला म्हणाला, "बेटी, ये ले जाओ. अ‍ॅल्युमिनियम तो साबुन है, साबुन." मी म्हटलं, आबा, हाच घेऊ, हा वाकत नाही. तुम्ही दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडलात, "तुला काय अक्कल? पंखा वाकला तर वाकू दे. जे वाचायला पाहिजे ते वाचतं." शेठ मान डोलवत म्हणाला, "बराबर है, गियर बचता है." मलाही ते कळलं. मऊ पंखा स्वतः वाकतो आणि इंजिनाचा गियर वाचतो. म्हणजे लोखंडाचा गियर वाचला पाहिजे, मुलीचं वर्ष गेलं तरी चालेल, असा मी त्याचा अर्थ घेतला. तुम्ही दुसरा काही अर्थ सांगितलाच नाहीत. त्या दिवसापासून तुमच्याशी मी कामापुरतं बोलत आले, आणि तुम्ही तेही चालवून घेतलंत.

तर मागच्या दिवाळीत मी त्याच दुकानात जाऊन स्टीलचा आणला. आता शेठचा मुलगा बसतो. बोट काय पळायला लागली म्हणून सांगू. भरलेली असली तरी पाणी कापत जाते. टेकाडाजवळ मी इंजिन हळू करणं सोडून दिलं. पाणी उतरायला लागलं तशी एप्रिलमध्ये दोन-तीनदा खाली खट्‌ झालं, बोट तशीच पुढे गेली. पंख्यावर ओरखडा नाही आणि गियरलाही काही झालं नाही. मी मोठ्याने हसले. बोटीतल्या बायकांना वाटलं, हिला ऊन लागलं. बघा आबा, म्हणत होते मी मनात, बघा.

मे महिन्यात पाणी पार मागे सरतं, बोट बंद असते. आई गेल्यावर, लहानपणी तुम्ही मला दर मेमध्ये अंबरनाथला आत्याकडे पाठवायचात. मी समजत होते, आंबे खायला. पुढे तीच सवय राहिली, मे आला की मी अंबरनाथला. या वर्षी मात्र थांबले. म्हटलं, जमीन उघडी पडली आहे तर ते खोड एकदाचं तोडूनच टाकू. कुऱ्हाड घेऊन गेले. भेगाळलेल्या चिखलातून टेकाडापर्यंत चालत गेले आणि शोधत राहिले. आंबा नव्हताच. धरणात बुडालेल्या एका जुन्या घराचं जोतं होतं, आणि अंगणात एक तुळशीवृंदावन. त्याच्या माथ्यावर पाटीवरच्या पेन्सिलीसारखे पांढुरके फराटे होते, कितीतरी, एकावर एक. आणि एक कोपरा साफ उडालेला. आत ताज्या विटेचा लाल रंग दिसत होता.

पाड्यावरची म्हातारी काकी तिथेच गाळात काकड्या लावायला आली होती. माझ्या हातातली कुऱ्हाड बघून ती धावत आली. "अगो, काय करतेस? तुझ्या आयचा बिंद्रावन हाय तो! तिनं सोताच्या हातानं बांधला."

मी म्हटलं, "आंब्याचं खोड कुठंय?"

"आंबा कुठला? तुझा बाप सांगायचा तसा. पोरीला आय आठवत नाय, तिला सांगू नका, ती पान्यात बघत बसंल. आमी कोनी नाय सांगितला." मग ती खाली बसली आणि म्हणाली, "तुझ्या परीक्षेला तर सकाली घरी येऊन बोलला मना, पोरीला आज आयच्या वरनं नेतो. लय जवलनं नेली वाटतं."

चिखलात हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते. ओल्या सिमेंटमध्ये आईने हौसेने दाबलेले, काकी म्हणाली. ते त्या कोपऱ्यात होते आणि तो कोपरा मी तोडला. तुम्ही इतकी वर्षं मऊ पंखा घासत तिच्यावरून गेलात आणि तिचा टवकाही उडू दिला नाहीत. मी हसत हसत तोडला. हे पाप कोणाच्या माथी, आबा? खोटं कोण बोललं? एक वाक्य सांगायचं होतंत, खाली तुझी आई आहे, बस्स. मी बोट अलगद नेली असती. उल्हासनगरच्या दुकानात गप्प राहिले असते. फाटकाबाहेर उभी होते तेव्हा निदान एवढं कळलं असतं, की तुम्ही निष्काळजी नव्हता, तुम्ही मला आशीर्वादाला नेत होता. तुम्हाला कोणी हक्क दिला, माझ्या आईला एकट्याने भेटायचा? सगळा पाडा तिच्यावरून जाताना मनात हात जोडत होता आणि मी एकटी आंब्याच्या खोडाला शिव्या घालत होते. मला तुमचा संताप येतो. तुम्ही असतात तर आज तुम्हाला उठून जाऊ दिलं नसतं.

पाऊस झाला, पाणी चढलं, वृंदावन पुन्हा खाली गेलं. मी अ‍ॅल्युमिनियमचा पंखा परत बसवला. शेठचा मुलगा म्हणाला, "दीदी, उलटा क्यूं जा रही हो?" मी म्हटलं, गियर बचता है.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून बोटीतल्या हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली ठेवते आहे. एक गोष्ट मात्र कबूल करते. काल टेकाडाजवळ मी इंजिन बंद केलं आणि बोट नुसती वाहू दिली. माझी मुलगी शेजारी होती. तिने विचारलं, "आई, इथे का थांबतेस?"

मी म्हटलं, खाली आंब्याचं खोड आहे.